पडदा केवढा असावा?

माणूस जोडा विकत घेतो तेव्हां तो पायांत घालून, दोन पावलें चालून पाहतो. चष्मा करवितो तेव्हां आधीं डोळे तपासून घेतो. परंतु घरच्या संगणकासाठीं पडदा, म्हणजे मॉनिटर, घेण्याची वेळ आली कीं हींच सावध माणसें केवळ एका आंकड्यावर विसंबतात. २४ इंची, २७ इंची, ३२ इंची अशा नांवांचे पडदे दुकानाच्या फळीवर ओळीनें झगमगत असतात. गिऱ्हाईक त्यांच्यापासून पांचसहा फुटांवर उभें असतें, आणि तेवढ्या अंतरावरून सर्वांत मोठा पडदाच सर्वांत देखणा वाटतो. तो घरीं येतो, टेबलावर डोळ्यांपासून हातभर अंतरावर मांडला जातो, आणि आठ दिवसांत कोणाची मान दुखूं लागते, कोणाचे डोळे चुरचुरतात, कोणाला अक्षरें फुटल्यासारखीं दिसतात. मग दोष कधीं पडद्याला दिला जातो, कधीं चष्म्याला, आणि घरांत कोणी वृद्ध असेल तर त्याच्या वयाला. वास्तविक चूक झालेली असते ती मोजण्यांत. पडदा निवडण्यास तीन मापें लागतात: पडद्याचा आकार, डोळ्यांपासूनचें त्याचें अंतर, आणि त्यावरील ठिपक्यांची दाटी. दुकानांत यांपैकी पहिलें तेवढें पुढें केलें जातें. दुसरें घरांतच मोजावें लागतें, आणि तिसरें बहुधा विचारल्यावांचून कळत नाहीं.

प्रथम आकाराचें पाहावें. २४ इंची म्हणजे २४ इंच रुंद, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. हें माप एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचें, म्हणजे कर्णाचें असतें. या चालीचें मूळ दूरचित्रवाणीच्या आरंभकाळांत आहे. त्या वेळच्या कांचनळीचें तोंड गोल असे, आणि वर्तुळाचें माप व्यासानें सांगणें स्वाभाविक होतें. पुढें तोंड चौकोनी झालें, तरी एकाच आंकड्यानें माप सांगण्याची संवय राहिली व व्यासाच्या जागीं कर्ण आला. कांचनळीचे पडदे प्रचारांत होते तोंपर्यंत त्यांत आणखी एक मेख असे. नळीची कड चौकटीखालीं झांकली जाई, आणि १७ इंची म्हणून घेतलेल्या पडद्याचा दिसणारा कर्ण सुमारें १६ इंचच भरे. आजच्या सपाट पडद्यांत ही लपवालपवी राहिलेली नाहीं. तथापि २४ इंची म्हणून विकला जाणारा पडदा पुष्कळदां २३.८ इंचांचा, म्हणजे ६०.४५ सेंटिमीटरांचा असतो, हें खोक्यावरील बारीक छपाई वाचल्यास दिसून येतें.

कर्णाच्या मापांत दुसरेंहि एक वैगुण्य आहे. त्यावरून पडद्याचा घाट कळत नाहीं. जुन्या सपाट पडद्यांपैकीं १९ इंची पडदे बरेचसे चौरस घाटाचे असत; त्यांची रुंदी व उंची यांचें प्रमाण ५ ला ४ असे. आजचे बहुतेक पडदे १६ ला ९ या प्रमाणाचे, म्हणजे लांबट आहेत. हिशेब केला तर त्या जुन्या १९ इंची पडद्याची उंची ३० सेंटिमीटर भरते, आणि आजच्या २४ इंची पडद्याचीहि जवळजवळ तेवढीच. म्हणजे एकोणिसाचे चोवीस झाले, पण जी वाढ झाली ती सगळी आडवी झाली. पत्र, हिशेबाचा कागद किंवा पुस्तकाचें पान वाचणाऱ्याला उंचीच अधिक उपयोगाची असते. हें ध्यानांत घेऊन आंकड्यांऐवजीं लांबीरुंदीच लक्षांत ठेवावी. २४ इंची पडदा सुमारें ५३ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असतो. २७ इंची ६० व ३४. ३२ इंची ७१ व ४०. कचेरींत वापरला जाणारा ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर उंच असतो. अर्थात् २४ इंची पडद्यावर असे दोन कागद खऱ्या मापानें शेजारीं शेजारीं बसतात व बाजूला थोडी जागाहि उरते. घरगुती कामापैकीं बहुतेक काम याहून अधिक जागा मागत नाहीं.

आतां दुसरें माप, अंतराचें. पाठ खुर्चीला टेकवून बसावें आणि हात समोर लांब करावा. बोटांचीं टोंकें जेथें पोंचतात त्याच्या आसपास पडदा असावा, हा आडाखा सर्वसाधारणपणें चांगला आहे. प्रौढ माणसाच्या बाबतींत हें अंतर ६० ते ७० सेंटिमीटर भरतें. आकार व अंतर यांचा मेळ घालण्यास एक सोपें सूत्र पुरे होतें: डोळ्यांपासून कांचेचें अंतर पडद्याच्या कर्णाहून कमी नसावें. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर, २७ इंच म्हणजे ६९, आणि ३२ इंच म्हणजे ८१. हें सूत्र पाळलें तर कोणत्याहि लांबट पडद्याची रुंदी दृष्टीपुढें सुमारें ४७ अंशांचा कोन करते, व मान किंचित् वळवितांच दोन्ही टोंकें नजरेंत येतात. तेंच ३२ इंची पडद्यासमोर ६० सेंटिमीटरांवर बसलें तर तो कोन ६० अंशांच्या वर जातो. मग प्रत्येक ओळ वाचतांना मानेला टेनिसचा सामना पाहणाऱ्याप्रमाणें हेलकावे घ्यावे लागतात.

येथें घराचा प्रश्न उपस्थित होतो. शहरांतील दोनतीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत टेबल बहुधा दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर खोल असतें. कित्येक ठिकाणीं तें दीड फूटच असतें. पडद्याच्या पायाला मागें जागा लागत असल्यामुळें कांच भिंतीपासून १५ सेंटिमीटर तरी पुढें येते. उरलेल्या ४५ सेंटिमीटरांत, टेबलाच्या कडेपासून डोळ्यांपर्यंतचे १५ मिळविले कीं ६० होतात. म्हणजे दोन फुटी टेबल २४ इंची पडद्याचें टेबल आहे. पडदा भिंतीला किंवा कडेला आवळलेल्या लोखंडी हातावर टांगला तर दहाबारा सेंटिमीटर मिळतात व २७ इंची चालून जातो. ३२ इंचीला मात्र अडीच फूट खोलीचें टेबल हवें. तें ठेवण्यास जागा नसेल तर अधिक पैसे देऊन मोठा पडदा आणणें म्हणजे लहान न्हाणींत मोठें घंगाळ आणून ठेवण्यासारखेंच होय.

तिसरें माप ठिपक्यांचें. पडद्यावरील प्रत्येक चित्र व प्रत्येक अक्षर बारीक चौकोनी ठिपक्यांचें, म्हणजे पिक्सेलांचें बनलेलें असतें. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. क्यूएचडीवर २५६० व १४४०. फोर-के पडद्यावर ३८४० व २१६०. मोठा पडदा घेतला म्हणजे अधिक मजकूर मावेल ही सार्वत्रिक समजूत येथें फसते. २४ इंची व ३२ इंची हे दोन्ही पडदे फुल एचडी असतील, तर दोहोंवर मजकुराच्या ओळी तितक्याच दिसतात. मोठ्यावर फक्त ठिपके मोठे होतात. एखादें छायाचित्र ताणून मोठें केल्यानें त्यांत नवें कांहीं दिसूं लागत नाहीं, तशांतलाच हा प्रकार आहे.

ठिपके किती दाट असावेत, याचें उत्तर डोळ्याच्या शक्तींत आहे. हर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्यानें १८६२ सालीं दृष्टि तपासण्याचा तक्ता तयार केला. लहानमोठ्या अक्षरांचे तक्ते दवाखान्यांतून टांगले जातात, त्यांचा तो पूर्वज. सामान्य चांगल्या डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाचा भेद ओळखतां येतो, हें गृहीत त्या तक्त्याच्या मुळाशीं आहे. ६० सेंटिमीटर अंतरावर एक कला म्हणजे ०.१७ मिलिमीटर. आतां २४ इंची फुल एचडी पडद्याचा ठिपका ०.२८ मिलिमीटर असतो, २७ इंची फुल एचडीचा ०.३१, २७ इंची क्यूएचडीचा ०.२३ आणि २७ इंची फोर-केचा ०.१६. यांपैकी शेवटचा तेवढा ६० सेंटिमीटरांवरून वेगळा ओळखूं येत नाहीं. याचा अर्थ बाकीचे टाकाऊ असा नव्हे. अक्षरांच्या कडांना करड्या छटा देऊन त्या गुळगुळीत भासविण्याची युक्ति संगणकाला अवगत आहे, आणि २४ इंची फुल एचडीवर वर्षानुवर्षें काम करणारीं हजारों माणसें आहेत. परंतु तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले कीं ती युक्ति अपुरी पडूं लागते. म्हणून फुल एचडीची मर्यादा २४ इंच मानावी, २७ ला क्यूएचडी घ्यावा, आणि ३२ ला शक्य तर फोर-के.

मराठी वाचकाला या गोष्टीची गरज इंग्रजी वाचकाहून अधिक आहे. रोमन अक्षर एका मजल्याचें. देवनागरीचें घर तीन मजली. मध्यें अक्षर, शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खालीं उकार. तेवढ्याच उंचींत हे तीनहि मजले बसवावयाचे म्हणजे मधल्या अक्षराच्या वांट्याला थोडे ठिपके येतात. ते विरळ असले म्हणजे ‘घर’ आणि ‘धर’ यांतला भेद पुसट होतो, भ व म एकमेकांसारखे दिसूं लागतात, आणि ‘राष्ट्र’ शब्दांतील जोडाक्षराचा नुसता काळा गोळा उरतो. वाचणारा संदर्भानें शब्द ओळखतो खरा, पण त्या ओळखण्याचा शीण डोळ्यांना होतोच. जेथें रोज मराठी वाचावयाचें आहे तेथें दोन इंच कमी घेऊन दाट ठिपके घेणें हा शहाणपणाचा सौदा होय. दाट ठिपक्यांच्या पडद्यावर अक्षरें आरंभीं लहान दिसतात. परंतु संगणकाच्या मांडणींत तीं सवापट किंवा दीडपट करण्याची सोय असते व ती अवश्य वापरावी.

उंचीची गोष्ट पडद्याच्या आकाराशींच निगडित आहे. ताठ बसल्यावर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा थोडी खालीं असावी, म्हणजे नजर स्वाभाविकपणें किंचित् खालीं राहते. पडदा जितका उंच, तितका तो खालीं बसविणें अवघड. ३२ इंची पडद्याची वरची कड पुष्कळदां कपाळाच्याहि वर जाते. याचा सर्वांत अधिक जाच होतो तो बायफोकल चष्मा वापरणाऱ्या वृद्धांना. त्यांच्या भिंगाचा खालचा भाग हातांतील पुस्तकासाठीं, म्हणजे सुमारें ४० सेंटिमीटरांसाठीं केलेला असतो, आणि वरचा दूर पाहण्यासाठीं. पडदा ६० सेंटिमीटरांवर असतो. तो या दोन भागांच्या मधल्या पल्ल्यांत सांपडतो. मग हनुवटी वर उचलून, मान मागें टाकून खालच्या भिंगांतून पाहण्याची धडपड सुरूं होते. अर्ध्या तासांत मान आखडते आणि आजोबा वर्तमानपत्र अर्धें टाकून उठतात. घरांतील मंडळी म्हणतात, आतां त्यांना वाचवत नाहीं. बहुधा त्यांना वाचवत असतें. पडदा दोन इंच खालीं घ्यावयास हवा असतो, आणि नेत्रवैद्याला ६० सेंटिमीटर हें अंतर सांगून त्या पल्ल्याचा निराळा चष्मा करवून घ्यावयास हवा असतो.

मुलांचा प्रश्न याच्या उलट आहे. त्यांना जवळचें सहज दिसतें, म्हणून तीं लॅपटॉपच्या लहान पडद्यावर वांकून तासन् तास बसतात. लॅपटॉपचा पडदा कीबोर्डला जोडलेला असल्यामुळें तो दूर सरकवावा तर हात पोंचत नाहींत, आणि उंच करावा तर मनगटें अवघडतात. त्याच लॅपटॉपला निराळा पडदा व निराळा कीबोर्ड जोडला कीं दोन्ही अडचणी मिटतात. जोडण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं जुन्या यंत्राला दाट ठिपक्यांचा पडदा झेपतो कीं नाहीं. एचडीएमआय जोडणीच्या १.४ या जुन्या प्रकारांतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळांच बदलतें, व हलता बाण अडखळल्यासारखा दिसतो. प्रकाशाविषयीं एकच सूचना पुरे: खिडकी पडद्याच्या समोर किंवा पाठीमागें नसावी, बाजूला असावी. आणि पडदा कितीहि उत्तम असला तरी दर वीस मिनिटांनीं नजर काढून क्षणभर खिडकीबाहेर दूरवर पाहावें. टक लावून पाहतांना पापण्या कमी वेळां मिटतात व त्यानेंच डोळे कोरडे पडतात.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं एक संध्याकाळ घरीं खर्च करावी. जुन्या वर्तमानपत्राचे तीन चौकोन कापावे: ५३ बाय ३०, ६० बाय ३४ आणि ७१ बाय ४० सेंटिमीटर. टेबलामागच्या भिंतीपासून १५ सेंटिमीटरांवर पुठ्ठा उभा करून त्यावर एकेक चौकोन टांचावा, आणि घरांतील जीं जीं माणसें त्या टेबलाशीं बसणार, त्यांनीं त्यांनीं पांच पांच मिनिटें त्यासमोर बसून पाहावें. मानेला कोठें ताण पडतो, कड कोठें नजरेबाहेर जाते, चष्म्याच्या कोणत्या भागांतून मजकूर वाचावा लागतो, हें तो कागदच सांगेल. मोजपट्टीनें डोळ्यांपासून कागदापर्यंतचें अंतर टिपून घ्यावें. तो एक आंकडा खिशांत असला म्हणजे फळीवरील झगमगाटाला भुलण्याचें कारण उरत नाहीं. बहुतेक घरांत उत्तर २४ इंच येईल, कांहीं घरांत २७, ३२ क्वचितच. पण उत्तर कोणतेंहि येवो, तें त्या घराच्या टेबलाचें आणि त्या घरांतल्या डोळ्यांचें असेल, आणि आजोबांचें वर्तमानपत्र अखेरच्या पानापर्यंत वाचून होईल.