हालाँगचा मुक्काम: आधी पाणी ठरवा, मग बोट

व्हिएतनामच्या ईशान्य किनाऱ्यावर, टोंकीनच्या आखातात, हालाँगचा उपसागर पसरला आहे. पाण्यातून सरळसोट वर आलेले चुनखडीचे कडे, माथ्यावर झाडोरा, आणि त्यांच्यामधून वळत जाणारं हिरवं, संथ पाणी. क्वांग निन्ह प्रांतातल्या या सुमारे १,५५० चौरस किलोमीटरच्या टापूत लहानमोठी मिळून १,९०० वर बेटं आहेत. युनेस्कोनं १९९४ मध्ये निसर्गसौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूरचनेसाठी त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. मुंबईहून हनोईला थेट विमानं जाऊ लागली, २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळू लागला, तसा मराठी घरांतल्या परदेश सहलींच्या बेतात हालाँगच्या बोटीवरचा एक मुक्काम हमखास दिसू लागला आहे. पण हा बेत आखताना सगळी चर्चा बोटीभोवती फिरते. खोलीला बाल्कनी आहे का, वरच्या डेकवर पोहायचा तलाव आहे का, बोट चार तारांकित की पाच. बोट कोणत्या पाण्यात जाणार, रात्री नांगर कुठे टाकणार, त्या तारखेला भरती-ओहोटी किती आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर हेच आधी विचारायला हवं. तारीख, पाणी, किती रात्री, आणि सगळ्यात शेवटी बोट, या क्रमानं बेत आखला तर मध्यम भाड्याच्या बोटीवरूनही हालाँग मनाजोगतं पाहता येतं. क्रम उलटा झाला तर महागड्या खोलीच्या बाल्कनीतूनही शेजारच्या बोटीचे दिवेच दिसतात.

असं का, हे समजायला हा उपसागर घडला कसा ते पाहावं लागतं. इथला चुनखडक पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी त्यातून झिरपत राहिलं, खडक विरघळत गेला, आतून गुहा झाल्या आणि बाहेरून सुळके सुटे झाले. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा १०० मीटरहून अधिक खाली होता. तेव्हा इथे कोरडं मैदान होतं आणि हे सुळके त्यावरच्या टेकड्या होत्या. बर्फ वितळला, समुद्र चढत आला, मैदान बुडालं आणि सात-आठ हजार वर्षांपूर्वी टेकड्यांची बेटं झाली. तेव्हापासून समुद्र प्रत्येक बेटाचा पायथा खातो आहे. पाण्याच्या रेषेशी खडकात आडवी खोबण पडत जाते आणि वरचा कडा पुढे झुकलेला राहतो. पाणी उतरलं की ही खोबण पूर्ण उघडी पडते. खालच्या पट्ट्यात कालवांचा धारदार, करडा थर चिकटलेला असतो, त्याच्या वर खडक आत गेलेला, आणि छतासारख्या कड्यावरून थेंब गळत असतात. भरती आली की हे सगळं पाण्याखाली जातं आणि बेट एखाद्या सरळ खांबासारखं दिसू लागतं. हालाँगची गोष्ट या दोन रूपांमधल्या फरकात आहे, आणि तो पाहायला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ किती, याचं उत्तर इथल्या भरतीतच आहे. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. टोंकीनच्या आखाताची लांबी आणि खोली अशी आहे, की तिथे दिवसातून एकदाच येणारी भरती बळावते आणि दुसरी जवळजवळ नाहीशी होते. साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत एकच भरती, एकच ओहोटी. जोराच्या दिवसांत दोन्हींतला फरक तीन ते चार मीटर असतो. म्हणजे धक्क्यावरून सकाळी सुटून संध्याकाळी परतणाऱ्या बोटीला या चक्राचा एक तुकडाच मिळतो, तर दुपारी बाराला चढून दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास उतरणाऱ्या प्रवाशाला जवळजवळ पूर्ण चक्र मिळतं. यातला अर्धा वेळ अंधाराचा असतो, ही शंका रास्त आहे. ओहोटीचा तळ मध्यरात्री आला तर तो दिसायचा नाही. पण संध्याकाळी पाहिलेला कडा आणि सकाळी पाहिलेला तोच कडा यांत जो बदल झालेला असतो, तो नांगरलेल्या बोटीवर रात्र काढणाऱ्यालाच दिसतो. इथे आपल्याकडचा हिशेब मात्र चालत नाही. कोकणात उधाण पौर्णिमा-अमावास्येला धरायचं. टोंकीनच्या आखातात पाण्याला जोर येतो तो चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला जास्तीत जास्त लांब गेलेला असताना, आणि तो विषुववृत्तावर आला की भांगासारखं मंद पाणी असतं. हा फेरा साधारण दर पंधरवड्याला येतो. तेव्हा तारखेला तिथी न पाहता होन दाऊ किंवा होन गाय या जवळच्या ठिकाणांचं भरतीचं वेळापत्रक पाहावं, ते सहज मिळतं.

आता दिवसाच्या सहलीची बाजू. २०१८ मध्ये हाय फाँग ते हालाँग द्रुतगती मार्ग झाल्यापासून हनोई ते हालाँग हे सुमारे १५० किलोमीटरचं अंतर अडीच तासांवर आलं आहे. एका दिवसात जाऊन येता येतं, पैसे वाचतात, बोटीवर झोप लागत नाही अशांची सोय होते. लहान मूल किंवा गुडघेदुखी असलेली आजी सोबत असेल तर हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्या दिवसाचे पाच तास रस्त्यात जातात आणि बोटीवरचे तास नेमके गर्दीचे असतात. कमी पैशांत अर्धं पाहणं आणि थोडे जास्त घालून पूर्ण पाहणं यांत निवड करायची, तर इतक्या लांब गेलेल्या माणसानं दुसरं निवडावं. आजीला जास्त जाचक बोटीवरचा मुक्काम नसतो, पायऱ्या असतात. तितोव बेटाच्या माथ्यापर्यंत सुमारे ४०० पायऱ्या आहेत. (सोव्हिएत अंतराळवीर घेर्मान तितोव १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्यासोबत इथे आला होता, त्याचं नाव बेटाला दिलं आहे.) त्या न चढता डेकवर बसून राहिलं तरी काही बिघडत नाही.

एक रात्र घेतली म्हणजे काम झालं, असंही नाही. ठरावीक कार्यक्रम बघा. दुपारी जेवण, मग सुंग सोत गुहा, मग तितोव बेट, संध्याकाळी कायाक, रात्री माकुल धरणं, पहाटे डेकवर ताई ची, सकाळी एक गुहा, की परत. सुंग सोतची गुहा मोठी आहे, तिच्यातले लवणस्तंभ पाहण्याजोगे आहेत. पण दिवसाच्या बोटी आणि मुक्कामाच्या बोटी दोन्ही दुपारी तिथेच उतरतात, आणि गुहेतला बराच वेळ पुढच्या माणसाची पाठ बघण्यात जातो. रात्री नांगराच्या जागा प्रशासनानं ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळे मध्यभागातल्या बोटी एकमेकींजवळच उभ्या राहतात. वातानुकूलनासाठी जनरेटर चालू असतात आणि माकुल धरण्यासाठी बोटीच्या मागे पाण्यावर प्रखर दिवा सोडलेला असतो. त्या उजेडाच्या गोलात बांबूची काठी धरून उभं राहणं मुलांना आवडतं, आणि आवडावंच. ज्याला मात्र अंधार आणि शांतता हवी, त्यानं बोट कुठे झोपते हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

हालाँगच्या दोन बाजूंना आणखी दोन उपसागर आहेत. ईशान्येला बाय तू लाँग, दक्षिणेला कात बा बेटाला लागून लान हा. खडक तोच, पाणी तेच, बोटी मात्र कमी. होन गायच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बऱ्याच बोटी बाय तू लाँगकडे जातात. लान हा शेजारच्या हाय फाँग शहराच्या हद्दीत येतो, तिथे सुमारे ४०० बेटं आहेत आणि कड्यांच्या कुशीत वाळूचे छोटे किनारे जास्त आहेत. या पाण्यातल्या काही गुहांत कायाकनं शिरता येतं, पण कमान ठेंगणी असल्यानं भरती चढली की आत जाता येत नाही. भरतीचं वेळापत्रक कामी येतं ते इथे. कात बाच्या कड्यांवर सोनेरी डोक्याचे लंगूर राहतात, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि शंभराच्या आतच उरले आहेत. लान हा म्हणजे खरं हालाँग नव्हे, एवढ्या लांब जाऊन बाजूचं बघून का यायचं, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं म्हणणं छायाचित्रापुरतं खरं आहे. दोन लाखांच्या व्हिएतनामी नोटेवर छापलेला सुळका मुख्य हालाँगमध्येच आहे. पण २०२३ मध्ये युनेस्कोनंच वारशाची हद्द वाढवून कात बा द्वीपसमूह त्यात घेतला आणि नावही ‘हालाँग उपसागर–कात बा द्वीपसमूह’ असं केलं. समुद्राला प्रांतांची हद्द नसते. दोन रात्री जमत असतील तर वाद मिटतोच, कारण मधल्या पूर्ण दिवशी छोटी बोट लांबच्या पाण्यात घेऊन जाते. एकच रात्र असेल तर मध्यभाग सोडून कडेचं पाणी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये तितोव बेटाजवळ नांगरलेली एक बोट पहाटे, हवा शांत असताना बुडाली आणि झोपेतल्या प्रवाशांसह १२ जण गेले. १९ जुलै २०२५ रोजी भर दुपारी अचानक आलेल्या वादळी पावसात एक पर्यटक बोट उलटली आणि पस्तीसहून अधिक माणसं दगावली. ती मुक्कामाची बोट नव्हती, काही तासांच्या फेरीची होती. दोन्ही घटना मिळून सांगतात की रात्र किंवा दिवस हा धोक्याचा निकष नाही. बोटीची देखभाल हा पहिला निकष, हंगाम हा दुसरा. जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. ७ सप्टेंबर २०२४ रोजी यागी चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीही बुडाल्या. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे उकाडा असतो आणि गडगडाटी पाऊस सुरू झालेला असतो. जानेवारी ते मार्च धुकं आणि झिमझिम, अंगावर जाड स्वेटर लागतो. दिवाळीची सुट्टी मात्र बरोबर कोरड्या, स्वच्छ हवेत येते. तरीही प्रशासनानं हवामान पाहून बोटी थांबवल्या तर हुज्जत घालू नये, थांबवल्याबद्दल आभारच मानावेत. त्यासाठी हालाँग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. मध्ये ठेवावं आणि पुढे एक मोकळा दिवस राखावा, म्हणजे मुक्काम रद्द झाला तरी विमान चुकत नाही. बोटीवर चढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, हे घरातल्या प्रत्येकानं स्वतः पाहावं. खोली पाण्याच्या पातळीलगतची नको, वरच्या मजल्यावरची मागावी.

आणखी एक प्रश्न उरतो. इतक्या बोटी, इतके लोक, यानं उपसागर मरत नाही का? चिंता खरी आहे. किनाऱ्यावर होन गाय आणि काम फा इथे व्हिएतनामच्या कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत, मालवाहू बंदर आहे, आणि त्यात पर्यटनाची भर. पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुआ वान, वुंग वियेंग यांसारखी तरंगती गावं होती. २०१४ मध्ये तिथल्या बहुतेक कुटुंबांना किनाऱ्यावर घरं देऊन हलवलं गेलं. मुलांना शाळा मिळाली, वादळात जिवाची भीती कमी झाली, आणि समुद्रावरचं जगणं संपलं. बांबूच्या होडीतून पर्यटकांना गावात फिरवणाऱ्या बायकांपैकी अनेक जणी आता रोज किनाऱ्यावरून कामाला येतात. ही देवाणघेवाण बरी की वाईट, हे आपण तिऱ्हाइतांनी ठरवू नये. पण आपण पाहतो आहोत ते नांदतं गाव नाही, हे माहीत असावं, आणि वल्हवणाऱ्या बाईच्या हातावर बक्षिसी न मागता ठेवावी. २०१९ पासून बोटींवर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे, तेव्हा पाण्याची बाटली घरूनच न्यावी. आणि गर्दीचा मुद्दा निघालाच आहे तर ती कमी करायचा पर्यटकाच्या हातातला उपाय हाच, की सगळ्यांनी एकाच तासाला एकाच गुहेत शिरू नये. कडेच्या पाण्यातला मुक्काम त्या अर्थानंही रास्त ठरतो.

एवढं ठरलं की बोटीकडे वळावं, आणि तिथे फार वेळ घालवायची गरज नाही. पंधरा-वीस खोल्यांची, नीट राखलेली बोट पुरते. फार मोठी बोट अरुंद पाण्यात शिरत नाही, फार छोटीवर माणसं दाटीनं राहतात. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच कळवावं, आणि नुसतं शाकाहारी न म्हणता माशाचा सॉस, अंडं, कोळंबीची पूड नको असं एकेक करून सांगावं, कारण तिथल्या भाजीतही माशाचा सॉस सहज पडतो. जैन जेवण सांगितलं तर मिळतं, पण चव फोडणीची येत नाही. चटणीची बाटली सोबत असू द्यावी. सामान हनोईच्या हॉटेलात ठेवून एक छोटी पिशवीच न्यावी, कारण धक्क्यावरून मुक्कामाच्या बोटीपर्यंत बऱ्याचदा लहान होडीतून जावं लागतं. आणि पहाटे पाचचा गजर लावावा. त्या वेळी आदल्या संध्याकाळी जवळून पाहिलेला एखादा कडा शोधावा आणि कालवांचा पट्टा किती उघडा पडला आहे किंवा किती बुडाला आहे ते बघावं.