श्वापदाची संख्या : ६६६ कीं ६१६ ?

नव्या करारांतील अखेरचा ग्रंथ प्रकटीकरण. त्याच्या १३ व्या अध्यायाच्या १८ व्या वचनांत श्वापदाची संख्या ६६६ दिली असून ती एका मनुष्याची असल्याचें म्हटलें आहे. अंतकालाचें भाकीत करणाऱ्यांनीं आजवर कोणी पोप, कोणी बादशहा, कोणी सेनापति या आंकड्यांत बसविला. परंतु हिशेबाआधीं आंकडा पारखून घ्यावा लागतो, आणि तो जुन्या हस्तलिखितांवांचून पारखतां येत नाहीं. भविष्य वाचणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यानें प्राचीन संहितेचा अभ्यास कां करावा, याचें हें उत्तम उदाहरण होय.

पाठभेद फार जुना आहे. इ. स. १८० च्या सुमारास लियोंचा धर्माध्यक्ष इरेनियस यानें कांहीं प्रतींत ६१६ असल्याचें नमूद केलें आहे. ग्रीकांत अक्षरेंच अंकांचें काम करितात. कटपयादि पद्धति जाणणाऱ्यांस यांत नवल वाटूं नये. साठाचें ‘क्सी’ जाऊन दहाचें ‘इओटा’ पडलें, हा लेखकप्रमाद, असा त्याचा निर्णय. जुन्या व विश्वसनीय प्रतींत ६६६ च आहे, असेंहि तो सांगतो.

तथापि ६१६ नाहींसा झाला नाहीं. पॅरिस येथील एफ्राइमी पोथी पांचव्या शतकांतली. बाराव्या शतकांत तिचें चर्मपत्र घासून त्यावर संत एफ्राइमचीं प्रवचनें लिहिलीं गेलीं. खालचा मजकूर टिशेनडॉर्फनें १८४० नंतर चिकाटीनें वाचून काढिला. तींत ६१६ आहे. मिसरांतील ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत सांपडलेला पपायरस याहूनहि जुना, इ. स. ३०० च्या आसपासचा. तो १९९९ सालीं क्रमांक ४४९९ म्हणून, योगायोगानें ६६ व्या खंडांत, छापला गेला. त्यांतहि ६१६ च. उलट तिसऱ्या शतकांतील चेस्टर बीटी पपायरसांत ६६६ आहे. सारांश, ‘जुनें तें खरें’ या न्यायानें येथें निकाल लागत नाहीं.

आतां ‘नेरोन केसर’ हें नांव हिब्रू अक्षरांत मांडून पाहावें : न ५०, र २००, व ६, न ५०, क १००, स ६०, र २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणानें ‘नेरो’ म्हटल्यास शेवटचा न गळून ६१६ उरतात. ‘केसर’ शब्द यहुदी लेखनांत बहुधा ‘य’ घालून लिहीत, हा आक्षेप खरा. पण मृतसमुद्रानजीक वादी मुरब्बात येथें मिळालेल्या, नेरोच्याच काळच्या ऋणपत्रांत तो ‘य’ नाहीं. आमच्या मतें मूळ पाठ ६६६ च असावा. मात्र ६१६ हा निव्वळ हस्तदोष नसून नांव ओळखणाऱ्या कोणा लेखकाचा बुद्धिपुरस्सर बदल असणें संभवतें. तसें असेल तर हें वचन प्रथम इ. स. ५४ ते ६८ राज्य केलेल्या रोमन बादशहाकडे बोट दाखवितें, आणि तें दूरच्या काळास लावणाऱ्यानें ही अडचण आधीं सोडविली पाहिजे.

इरेनियसला मात्र भय निराळेंच होतें. चुकीच्या आंकड्यावरून एखादें नांव मनांत धरून बसलेल्यास, ख्रिस्तविरोधक दुसऱ्याच नांवानें आला असतां, तो ओळखूं येणार नाहीं, असें तो बजावतो. स्वतः त्यानें ६६६ वरून तीन नांवें तपासलीं, आणि एकहि निश्चित केलें नाहीं.