विश्लेषण : व्यभिचार आता गुन्हा नाही, मग घटस्फोटासाठी तो कसा सिद्ध करायचा?

'व्यभिचाराचा कायदा रद्द झाला, आता काहीच करता येत नाही,' असा समज २०१८ नंतर सर्वदूर पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. जोडीदाराच्या विवाहबाह्य संबंधांसाठी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येत नाही. मात्र छत्रपती संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात त्याच कारणावरून घटस्फोट मागता येतो. पुरावा काय लागतो, मुलाची डीएनए चाचणी होते का, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचे काय, याविषयी...

२०१८ मध्ये नेमके काय बदलले?

भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ नुसार, दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या पतीच्या संमतीविना संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पत्नीला शिक्षा नव्हती. पण स्वतःच्या पतीविरुद्ध या कलमाखाली तक्रार करण्याचा अधिकारही तिला नव्हता. जणू पत्नी ही पतीची मालमत्ता होती. मुंबई राज्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हे कलम वैध ठरवले होते. अखेर २७ सप्टेंबर २०१८ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'जोसेफ शाइन' प्रकरणात ते एकमताने रद्द केले. व्यभिचार हा गुन्हा नसला तरी घटस्फोटाचे कारण राहू शकतो, हेही न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा नाही.

घटस्फोटाचा कायदा काय म्हणतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३(१)(i) नुसार, विवाहानंतर जोडीदाराखेरीज अन्य व्यक्तीशी स्वेच्छेने शरीरसंबंध ठेवल्यास घटस्फोट मागता येतो. पूर्वी जोडीदार 'व्यभिचारी जीवन जगत आहे' असे दाखवावे लागे. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट गेली. आता एक घटनाही पुरेशी ठरते आणि हा अधिकार पती-पत्नी दोघांनाही सारखाच आहे. नोंदणी विवाहासाठी असलेल्या विशेष विवाह कायद्यातही अशीच तरतूद आहे.

ख्रिस्ती महिलांसाठी अट अधिक कठोर होती. पतीचा व्यभिचार सिद्ध करूनही त्यासोबत क्रूरता किंवा परित्याग दाखवावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. मुस्लिम महिलेला १९३९ च्या विवाहविच्छेद कायद्यानुसार, पती बदनाम स्त्रियांशी संबंध ठेवत असल्यास क्रूरतेच्या कारणावरून दाद मागता येते. पतीने पत्नीवर व्यभिचाराचा खोटा आरोप केला, तर 'लिआन'च्या तत्त्वानुसार तिला विवाहविच्छेद मागता येतो.

दावा कुठे आणि कसा दाखल होतो?

विवाह जिथे झाला, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा प्रतिवादी जिथे राहतो, तिथल्या न्यायालयात दावा दाखल करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही तो चालतो. म्हणजे पुण्यात सासर असलेली आणि सध्या संभाजीनगरला माहेरी राहणारी महिला येथे दाद मागू शकते. विवाहाला एक वर्ष होण्याआधी, अपवादात्मक परिस्थिती वगळता, दावा करता येत नाही.

'माझा संशय आहे' एवढे लिहून भागत नाही. कोणाशी, केव्हा, कुठे याचा तपशील अर्जात द्यावा लागतो. ज्या व्यक्तीशी संबंध असल्याचा आरोप आहे, तिलाही सहप्रतिवादी करावे लागते. कारण तिच्या अब्रूचाही प्रश्न असतो आणि तिला बाजू मांडण्याची संधी मिळायला हवी. सुनावणीआधी समुपदेशकांमार्फत समेटाचा प्रयत्न होतो. पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड होते. निकालाविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात, म्हणजे १९८१ पासून शहरात असलेल्या खंडपीठात, दोन न्यायमूर्तींपुढे चालते.

पुरावा किती लागतो?

अशा संबंधांना साक्षीदार नसतो, हे न्यायालयेही जाणतात. त्यामुळे परिस्थितीजन्य पुरावा चालतो. पुण्याच्या गाजलेल्या 'दास्ताने' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले, की वैवाहिक दाव्यांत फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा लागत नाही. कोणती शक्यता अधिक आहे, हे पाहिले जाते. तरीही एकत्र फोटो, चहापान किंवा रात्री उशिराचे फोन एवढ्यावरून शरीरसंबंध सिद्ध होत नाहीत. हॉटेलमधील मुक्कामाच्या नोंदी, संदेश, साक्षीदार अशी साखळी जुळावी लागते.

फोन रेकॉर्डिंग चालते का?

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी पंजाबमधील दाम्पत्याच्या प्रकरणात, जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे गुपचूप केलेले रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून दाखल करता येते, असा निर्णय दिला. मात्र ते खरे आहे, त्यात छेडछाड झालेली नाही हे दाखवावे लागते. व्हॉट्सॲप संदेश किंवा स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते.

बेकायदा मार्ग मात्र अंगाशी येऊ शकतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल तपशील बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. असे तपशील हवे असतील तर ते न्यायालयामार्फत मागवण्याचा अर्ज करणे हा योग्य मार्ग आहे.

मुलाची डीएनए चाचणी मागता येते का?

मागता येते, पण सहजासहजी मिळत नाही. विवाह टिकून असताना जन्मलेले मूल पतीचेच, असे कायदा गृहीत धरतो. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीचा संपर्कच शक्य नव्हता, हे दाखवले तरच ते गृहीतक खोडता येते. पुण्यातील दाम्पत्याच्या प्रकरणात कौटुंबिक न्यायालय आणि उच्च न्यायालयाने डीएनए चाचणीला परवानगी दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आई-वडिलांच्या भांडणात मूल पक्षकार नसते आणि व्यभिचार सिद्ध करण्यासाठी त्याच्या ओळखीवर घाव घालता येणार नाही, हा या निकालाचा गाभा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही जुलै २०२५ मध्ये अल्पवयीन मुलाच्या चाचणीचा आदेश रद्द केला. त्या प्रकरणात पतीने पत्नीवर आरोप केले होते, पण आपण मुलाचे वडील नाही असे कुठेही म्हटले नव्हते.

पोटगी आणि मुलांच्या ताब्याचे काय?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार पत्नी 'व्यभिचारी जीवन जगत' असेल तर तिला पोटगी मिळत नाही. येथे शब्दरचना महत्त्वाची आहे. घटस्फोटाला एक घटना पुरते; पोटगी नाकारण्यासाठी मात्र तसे संबंध सुरू असल्याचे दाखवावे लागते, अशी न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका आहे. दुसरीकडे, व्यभिचाराच्या कारणावरूनच घटस्फोट झालेली पत्नी अशी पोटगी मागू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगलीच्या प्रकरणात म्हटले. मुलांच्या पोटगीवर याचा परिणाम होत नाही.

ताब्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली : व्यभिचार घटस्फोटाचे कारण असू शकते, मुलाचा ताबा नाकारण्याचे नव्हे. त्या प्रकरणात नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडेच राहिला. तिथे निकष मुलाच्या हिताचा असतो.

दावा कशामुळे फसतो?

पहिले कारण म्हणजे माफी. संबंध कळल्यानंतरही जोडीदाराने पुन्हा पती-पत्नी म्हणून संसार सुरू केला, तर कलम २३ नुसार ते माफ केले असे धरले जाते. 'दास्ताने' खटल्यात पत्नीची क्रूरता मान्य होऊनही पतीने ती माफ केल्याचे ठरले आणि त्याला न्यायिक विभक्तता मिळाली नाही. अवाजवी विलंब आणि संगनमत यांमुळेही दावा अडतो.

दुसरे, खोटा आरोप उलटतो. पतीने लेखी कैफियतीत पत्नीच्या चारित्र्यावर केलेले निराधार, किळसवाणे आरोप हीच मानसिक क्रूरता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणात म्हटले. ते आरोप नंतर मागे घेतले, तरी पत्नीला त्याच कारणावर घटस्फोट मिळाला.

दुसरा मार्ग कोणता?

संबंध सिद्ध होणे कठीण असेल, तर जोडीदाराचे वागणे मानसिक क्रूरता म्हणूनही मांडता येते. त्यासाठी शरीरसंबंध सिद्ध करावे लागत नाहीत. दोघांनाही वेगळे व्हायचे असेल आणि किमान एक वर्ष ते वेगळे राहत असतील, तर कलम १३-ब नुसार परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. सहा महिन्यांचा प्रतीक्षा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. या मार्गात कोणालाही आरोप करावे किंवा सिद्ध करावे लागत नाहीत. पोटगी, स्त्रीधन आणि मुलांचा ताबा यांच्या अटी मात्र अर्जावर सही करण्याआधीच लेखी ठरवून घ्याव्यात.