बिलाला उत्तर नाही, मग पुढे?

कशेळी-काल्हेरच्या गोदामवाल्यांकडून डिझाइनचं किंवा छायाचित्रणाचं सुटं काम घेणाऱ्याने आधी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची (एमएसएमई) ‘उद्यम’ नोंदणी करावी. ती मोफत असते. एजंटला पैसे कशाला? २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार केली की ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. ऑर्डरचा व्हॉट्सअॅप संदेश, काम पोचल्याची पावती जपून ठेवा. एवढ्यावरही गिऱ्हाईक ढिम्मच राहिलं, तर त्याच्या सीएला गाठा: मुदत टळलेली रक्कम चुकती होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. मार्चमध्ये हे वाक्य फार लवकर कळतं.