तारकर्ली

तारकर्ली हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातील अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरचे गाव आहे. मालवण शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरवर वसलेले हे गाव स्वच्छ पाणी, पांढरी वाळू आणि सुरूच्या बनासाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागांतून दोन-तीन दिवसांच्या सागरी सहलीसाठी येथे मोठ्या संख्येने पर्यटक येतात.

भूगोल

सह्याद्रीत उगम पावणारी कर्ली नदी तारकर्लीच्या दक्षिणेस देवबाग येथे समुद्राला मिळते. देवबाग हा एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र असलेला वाळूचा अरुंद पट्टा आहे. पावसाळा वगळता येथील पाणी बरेच पारदर्शक असते. मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आढळतात. तेथील सागरी जीवसृष्टीच्या रक्षणासाठी १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले.

इतिहास

मालवणसमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधला. तटाच्या आत दूधविहीर, साखरविहीर व दहीविहीर या गोड्या पाण्याच्या विहिरी असून राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वर मंदिरही आहे. पुढे हा किल्ला करवीर (कोल्हापूर) राज्याकडे होता. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, मात्र लवकरच तो परत केला. १८१२ च्या तहानुसार करवीरच्या छत्रपतींनी मालवण इंग्रजांच्या स्वाधीन केले. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांमध्ये सिंधुदुर्गाबरोबरच कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळाही आहे.

कोल्हापूरहून प्रवास

कोल्हापूरहून मालवणचे अंतर मार्गानुसार सुमारे १५० ते १६० किलोमीटर असून घाटामुळे प्रवासास चार ते पाच तास लागतात. राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कणकवलीस येणारा रस्ता बराच वापरात आहे. तो गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राधानगरी अभयारण्याच्या परिसरातून जातो. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने, तसेच आजरामार्गे आंबोली घाटानेही कोकणात उतरता येते. दरडी कोसळल्यास किंवा दुरुस्तीचे काम असल्यास घाट बंद राहतात; त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट ठरते. कोल्हापूर व कोकण यांना थेट जोडणारा रेल्वेमार्ग नाही. एस.टी. बसगाड्या कोल्हापूर-मालवण मार्गावर धावतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांस कुडाळ, सिंधुदुर्गनगरी व कणकवली ही स्थानके सोयीची आहेत.

हंगाम आणि मुक्काम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सहलीस सर्वांत अनुकूल असतो. मार्चपासून उकाडा वाढतो. राज्यात साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद असतात, म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्यावरही जाता येत नाही. यांत्रिक मासेमारीसही १ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने ताजी मासळी मर्यादित मिळते. मुक्कामासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, खासगी हॉटेले आणि स्थानिक कुटुंबांनी चालवलेली न्याहारी-निवासाची घरे आहेत. दिवाळी, नाताळ व मे महिन्यात खोल्या आधी ठरवाव्या लागतात.

दोन रात्रींच्या मुक्कामात पहिली संध्याकाळ किनाऱ्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला व दुपारनंतर देवबागचा संगम, आणि तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास, असा क्रम सोयीचा ठरतो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढणारे मच्छीमार पाहावयास मिळतात. जेवणात बांगडा, कोंबडी-वडे, घावणे व सोलकढी हे मालवणी पदार्थ असतात. तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी शासकीय संस्थाही आहे.

भरती-ओहोटी

येथे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य, भरती असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातील जुना ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, चतुर्थीस ४ ची पाऊणपट ३, म्हणजे सुमारे ३ वाजता. अष्टमीस सुमारे ६ वाजता. हा हिशेब स्थूल असल्याने समुद्रात उतरण्यापूर्वी स्थानिकांस वेळ विचारणे आवश्यक असते.

सुरक्षितता

समुद्र शांत दिसला तरी तो सुरक्षित असतोच असे नाही. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. अशा पट्ट्यात लाटा कमी फुटत असल्याने तीच जागा पोहण्यास सोपी वाटते. प्रवाहात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत न पोहता, किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे व मगच किनाऱ्याकडे वळावे. ते शक्य नसल्यास तरंगत राहून हात उंचावून मदत मागावी. पाण्याबाहेरच्यांनी मागोमाग उडी न घेता दोर, फळी किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी. ओहोटीच्या वेळी, सूर्यास्तानंतर आणि मद्यपान करून पाण्यात उतरणे धोक्याचे असते. देवबागच्या नदीमुखाशी ओढ विशेष जोरकस असते.

एप्रिल २०१७ मध्ये तारकर्लीलगतच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण बुडून मृत्यू पावले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. या दोन्ही दुर्घटना पावसाळ्यापूर्वीच्या, पर्यटनाच्या हंगामातील आहेत. म्हणून होडीत बसताना जीवरक्षक जाकीट घालणे व क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी असलेली होडी टाळणे महत्त्वाचे आहे.

पर्यावरण

प्रवाळांवर उभे राहिल्याने किंवा ते तोडल्याने त्यांची वाढ खुंटते. त्यांची वाढ अतिशय संथ असल्याने हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. प्रवाळ बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. होड्यांचे नांगर व प्लास्टिकचा कचरा यांमुळेही सागरी जीवसृष्टीस धोका पोहोचतो. मासेमारी आणि पर्यटन हे येथील उपजीविकेचे दोन्ही आधार याच स्वच्छ समुद्रावर अवलंबून आहेत.

हेही पहा

मालवण
सिंधुदुर्ग किल्ला
देवबाग
फोंडा घाट