पोर्टफोलिओ : काय ठेवावे, काय गाळावे

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाच्या छायाचित्र विभागात काम करीत असताना डोंबिवलीहून एक तरुण भेटीला आला. हप्त्यांवर घेतलेला कॅमेरा, सोडलेली नोकरी आणि घरच्यांनी दिलेली एका वर्षाची मुदत, एवढे भांडवल घेऊन तो व्यवसायात उतरू पाहत होता. त्याच्या लॅपटॉपमध्ये दोनशे चाळीस छायाचित्रे होती. शिवडीच्या खाडीतील फ्लेमिंगो, गेटवेची कबुतरे, मरीन ड्राइव्हवर उसळलेली लाट, वारीतील सुरकुतलेला चेहरा, मित्राच्या बहिणीचे लग्न, एका कार्यशाळेत काढलेली मॉडेलची छायाचित्रे. एकही छायाचित्र वाईट म्हणावे असे नव्हते. सगळी पाहून झाल्यावर त्याला विचारले, ‘‘यावरून तुला नेमके कोणते काम द्यावे?’’ तो म्हणाला, ‘‘सर, कोणतेही द्या. मी सगळेच करतो.’’

‘सगळेच करतो’ हे उत्तर प्रामाणिक असते, परंतु ऐकणाऱ्याच्या ते काही कामाचे नसते. छायाचित्रकाराचा पोर्टफोलिओ म्हणजे त्याच्या आवडत्या छायाचित्रांचा अल्बम नव्हे, की प्रदर्शनही नव्हे. समोर बसलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न असतो आणि पोर्टफोलिओ हे त्याचे उत्तर असते. जाहिरात संस्थेतील कलादिग्दर्शकाला जाणून घ्यायचे असते, की माझ्या मनातले चित्र हा माणूस प्रकाशाच्या साहाय्याने उभे करू शकेल काय? वृत्तपत्राच्या छायाचित्र संपादकाला हवे असते की अनोळखी ठिकाणी पाठवले तर हा रिकाम्या हाताने परतणार नाही. मुलीच्या लग्नासाठी छायाचित्रकार शोधणाऱ्या कुटुंबाला विश्वास हवा असतो. या तिघांना एकच संच दाखवणे म्हणजे तिघांनाही अर्धवट उत्तर देणे होय. ज्याला दोन क्षेत्रांत काम करायचे आहे त्याने दोन वेगळे पोर्टफोलिओ करावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

पोर्टफोलिओ घडतो तो मुख्यतः गाळण्याने. या बाबतीत रॉबर्ट फ्रँक या स्विस-अमेरिकन छायाचित्रकाराचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते वारंवार देण्याजोगे आहे. गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या आधारे 1955 पासून त्याने अमेरिकाभर प्रवास केला. 767 फिल्म रोल, म्हणजे सत्तावीस हजारांहून अधिक छायाचित्रे त्याने काढली. त्यांतून सुमारे हजार कामचलाऊ प्रिंट काढून त्याने त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. 1958 मध्ये फ्रान्समध्ये आणि पुढील वर्षी अमेरिकेत ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक निघाले तेव्हा त्यात छायाचित्रे होती अवघी 83. उरलेली सगळीच टाकाऊ होती असे कोण म्हणेल? त्या 83 छायाचित्रांना जे सांगायचे होते, त्यात त्यांना जागा नव्हती, इतकेच.

गाळणे अवघड का जाते, याचे कारण तांत्रिक नाही. हरिश्चंद्रगडावर रात्र काढून, पहाटे थंडीत कुडकुडत ट्रायपॉड लावलेला असतो. ते कष्ट छायाचित्रकाराला आठवतात. पाहणाऱ्याला मात्र केवळ एक सूर्योदय दिसतो. स्वतःच्या छायाचित्राकडे आपण आठवणींसकट पाहतो आणि तिथेच निवड चुकते. यावर एक साधा, स्वस्त उपाय आहे. निवडक साठ-सत्तर छायाचित्रांच्या पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट काढाव्यात आणि घरातील जमिनीवर मांडाव्यात. संगणकाच्या पडद्यावर एकेक छायाचित्र सुटे दिसते, तर जमिनीवर ती एकमेकांशेजारी येतात. एकाच कोनातून, एकाच अंतरावरून काढलेली पाच छायाचित्रे लगेच उघडी पडतात. मग काही दिवस ती तशीच ठेवावीत, घरच्यांनाही पाहू द्यावीत. घरची माणसे कौतुक करतात त्याकडे फारसे लक्ष देऊ नये. कोणत्या छायाचित्रापाशी त्यांची नजर थांबते आणि कोणते ते ओलांडून जातात, हे पाहावे.

किती छायाचित्रे ठेवावीत? माझ्या मते पहिल्या भेटीसाठी पंधरा ते वीस पुरतात. आकड्यापेक्षा एक गोष्ट अधिक महत्त्वाची. पाहणारा आपली पातळी सर्वांत चांगल्या छायाचित्रावरून ठरवीत नाही, सर्वांत कमकुवत छायाचित्रावरून ठरवतो. हे अन्यायकारक वाटेल. पण काम देणाऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. उद्या दिवस वाईट गेला तर हा माणूस काय आणून देईल, ही त्याची चिंता असते आणि त्याचे उत्तर आपणच त्या विसाव्या छायाचित्रात दिलेले असते.

आता त्या फ्लेमिंगोंकडे आणि वारीतील चेहऱ्याकडे वळू. मुंबई-पुण्याच्या दर दुसऱ्या पोर्टफोलिओत ही छायाचित्रे आढळतात. विषय वाईट नाहीत, ते सर्वांचे आहेत. वारीच दाखवायची असेल तर दिंडीबरोबर चालणारा सामानाचा ट्रक, पहाटे उतरवले जाणारे तंबू, मुक्कामावरचा स्वयंपाक असे कितीतरी आहे. परंतु त्यासाठी एका दुपारीपुरते जाऊन भागत नाही. कार्यशाळेतील छायाचित्रांचे तर आणखी बिकट. प्रकाशयोजना शिक्षकांची, मॉडेल आयोजकांनी आणलेले आणि शेजारी उभे राहून आणखी दहा जणांनी तेच टिपलेले. एकाच आठवड्यात तीन उमेदवारांकडे तीच मुलगी, तोच लाल पडदा पाहण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

याउलट, एकाच विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्याचे काम गर्दीतही वेगळे दिसते. सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. कचऱ्याच्या गाड्या, गटारे आणि त्या कामगारांची घरे, असे जे शहराने पाहण्याचे टाळले होते ते त्यांनी शहरापुढे ठेवले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दयानिता सिंग अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थिनी असताना तबलावादक झाकीर हुसेन यांची छायाचित्रे काढू लागल्या आणि 1986 मध्ये त्याच कामातून त्यांचे पहिले पुस्तक सिद्ध झाले. 2022 मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. प्रत्येकाने पुस्तक काढावे असे नव्हे. पण वीसपैकी सहा-सात छायाचित्रे एकाच विषयावरची असली, तर हा माणूस एखाद्या गोष्टीपाशी टिकून राहू शकतो, हे पाहणाऱ्याला कळते.

‘काम मिळाल्याशिवाय पोर्टफोलिओ होत नाही आणि पोर्टफोलिओशिवाय काम मिळत नाही,’ अशी तक्रार नवखे नेहमी करतात. ती निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्यावरचा उपाय म्हणजे स्वतःच स्वतःला काम द्यावे. वस्तूंचे छायाचित्रण करायचे आहे ना? मग काच, धातू, कापड आणि खाद्यपदार्थ यांचे एकेक उत्तम छायाचित्र महिनाभरात तयार करावे. स्वयंपाकघरातील स्टीलचा डबा हा प्रकाशाचा अत्यंत कठोर परीक्षक आहे. त्यात खिडकी, कॅमेरा आणि आपले स्वतःचे डोके सगळे दिसते. ते दिसू न देता डब्याची गोलाई आणि चकाकी दाखवता आली, तर कलादिग्दर्शकाला वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. आजीची मोत्यांची नथ टिपून पाहावी. मोत्याचे पाणी दिसण्यासाठी मऊ प्रकाश हवा आणि सोन्याची धार दिसण्यासाठी थोडा कडक, हे दोन्ही एका चौकटीत जुळवणे हा चांगला अभ्यास आहे. यासाठी खिडकी, पातळ पांढरा पडदा आणि दोन पांढरे पुठ्ठे एवढे साहित्य पुरेसे होते.

कॅमेरा जुना असल्याचा न्यूनगंडही बाळगू नये. ए-फोर आकाराची, तीनशे डीपीआय दर्जाची प्रिंट काढण्यासाठी 2480 गुणिले 3508 पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलही नव्हेत. पंधरा वर्षांपूर्वीचे अनेक कॅमेरे याहून अधिक देत असत.

लग्नाच्या छायाचित्रणात मात्र वेगळाच घोटाळा होतो. वीस लग्नांतील वीस सुंदर नववधू एकत्र केल्या जातात. ग्राहक भुलतो, पण जाणकार ग्राहक विचारतो, ‘‘एक संपूर्ण लग्न दाखवा.’’ कारण अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. त्या वेळी नेमका मामाचा हात आडवा येतो, सभागृहात पिवळे दिवे आणि पांढऱ्या ट्यूबलाइट यांची खिचडी झालेली असते, अक्षतांचा मारा सुरू असतो. अशा गोंधळातही सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत काम सारखेच उतरले आहे काय, हे एका लग्नाच्या तीस छायाचित्रांतून जितके समजते तितके वीस लग्नांच्या वेच्यांतून समजत नाही.

येथे एका कायदेशीर बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण व्यवसायातील बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. ‘छायाचित्र मी काढले, म्हणजे हक्क माझा,’ अशी सर्वसाधारण समजूत आहे. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम 17 तसे म्हणत नाही. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काम देणारा ठरतो. म्हणजेच ज्या लग्नाचे पैसे घेतले, त्याची छायाचित्रे संकेतस्थळावर किंवा पोर्टफोलिओत वापरण्याची मुभा आपोआप मिळते असे समजू नये. कामाच्या करारात ‘छायाचित्रकारास स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून ही छायाचित्रे वापरता येतील’ असे एक वाक्य आधीच घालून घ्यावे. काम झाल्यावर ते मागणे अवघड जाते. वाक्य घातले तरी, लहान मुलांची वा खासगी क्षणांची छायाचित्रे लावण्यापूर्वी पुन्हा विचारावे. कायद्यापलीकडे भिडस्तपणाही काही आहेच.

मालकी गेली तरी कर्तृत्व सांगण्याचा हक्क उरतो. त्याच कायद्याचे कलम 57 तो देते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. आज सहायक म्हणून काम करणाऱ्या अनेक तरुणांची छायाचित्रे स्टुडिओच्या नावाखाली जातात. अशी छायाचित्रे पोर्टफोलिओत ठेवायची असल्यास स्टुडिओची परवानगी घ्यावी आणि आपली भूमिका काय होती, हे स्पष्ट लिहावे. ‘प्रकाशयोजनेत सहायक’ असे लिहिल्याने कोणी लहान होत नाही. खोटे मात्र लवकर उघडकीस येते, कारण हे क्षेत्र वाटते त्यापेक्षा बरेच लहान आहे.

खरेपणाचा प्रश्न अलीकडे अधिकच तीव्र झाला आहे. 2023 मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतील पारितोषिक नाकारले. आपली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली असल्याचे त्यांनी जाहीर केले. परीक्षकांनी तिची निवड केलेलीच होती. तेव्हापासून पाहणाऱ्याच्या मनात शंका आधी येते आणि कौतुक नंतर. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धेत अंतिम टप्प्यात कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागितली जाते. आपल्याकडचे संपादकही ती मागू शकतात. म्हणून पोर्टफोलिओतील प्रत्येक छायाचित्राची मूळ फाइल, तारीख आणि स्थळ यांची नोंद जपून ठेवावी. जाहिरातीच्या छायाचित्रात विजेची तार पुसली तर तो कामाचा भाग आहे. वृत्तछायाचित्रात पुसली तर तो खोटेपणा आहे. वृत्तछायाचित्राखाली कोण, कुठे, केव्हा हे सांगणारी दोन ओळींची माहिती हवीच. ‘जीवनाचे रंग’ असल्या शीर्षकांनी संपादकाचे काही भागत नाही.

बाह्य स्वरूपाबद्दल थोडक्यात. संकेतस्थळ साधे असावे, संगीत नसावे, मोबाइलवर चटकन उघडावे आणि दूरध्वनी क्रमांक शोधावा लागू नये. समाजमाध्यमांवरील पान हे रोजनिशीसारखे असते. पोर्टफोलिओची जागा ते घेऊ शकत नाही. प्रत्यक्ष भेटीला जाताना मात्र छापील प्रिंट न्याव्यात, असा माझा आग्रह आहे. मॅट कागदावर प्रकाशाची तिरीप पडत नाही आणि माणूस पान हातात धरून थोडा अधिक वेळ थांबतो. पहिले छायाचित्र असे असावे की पुढचे पान उलटावेसे वाटेल. शेवटचे असे असावे की ते पान मिटायला उशीर होईल. मधली क्रमवारी जमिनीवरच्या त्या प्रिंट हलवत राहिल्याने सापडते.

डोंबिवलीचा तो तरुण निघताना लॅपटॉप बंद करीत होता. तेवढ्यात चुकून दुसरेच फोल्डर उघडले गेले. पहाटेचे पाच, ट्यूबलाइटचा उजेड, लाटण्यावरचे चार हात, पोळ्यांची उंच चवड, भिंतीवर खडूने लिहिलेली भाज्यांची यादी, दारात मोटारसायकलला अडकवलेल्या डब्यांच्या पिशव्या. ‘‘हे काय आहे?’’ ‘‘आईचे पोळी-भाजी केंद्र आहे, सर. ते घरचेच, सहज काढलेले.’’ त्या दोनशे चाळीस छायाचित्रांत यांपैकी एकही नव्हते.

चार महिन्यांनी तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या हाती अठरा प्रिंटचा एक खोका होता. अकरा त्या केंद्रातल्या होत्या आणि सात खाद्यपदार्थांच्या, आईच्याच ओट्यावर खिडकीच्या उजेडात काढलेल्या. मी दोन काढून टाकायला सांगितल्या. एक त्याने काढली. दुसरीत आई पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे पाहून हसली होती. ती त्याने ठेवली आणि त्यावर माझ्याशी बराच वेळ वाद घातला.