चौकटीत न मावलेली आशा

'तू नक्की करतेस काय?' फ्रीलान्सर म्हणून हा प्रश्न मला रोजचाच. अशा वेळी मी आशा पुथली ऐकते. मुंबईची ही मुलगी शास्त्रीय संगीत शिकली, जॅझच्या प्रेमात पडली आणि थेट अमेरिकेत पोचली. ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' अल्बममध्ये गायली. १९७२ मध्ये जेम्स आयव्हरीच्या 'सॅव्हेजेस' सिनेमात पडद्यावरही आली. मग डिस्को, इटालियन सिनेमा... १९७६ च्या तिच्या 'स्पेस टॉक'चा तुकडा १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी.च्या रॅपमध्ये वाजला! पण माझ्या ऑफिसवाल्या दोस्तांपैकी एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. चौकट मोडण्याची किंमत असते, बॉस. तरी आज लोकलमध्ये 'स्पेस टॉक' लावाच. किंमत वसूल वाटेल!